सुट्टीतले शाकारणे आणि कोंडाण्याची वाट

मे महिना लागला की कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या कामगार वस्त्यांतून गावाकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. मुलांचे निकाल हातात पडलेले असतात, वर्षभर जपून ठेवलेली रजा मंजूर झालेली असते. या पंधरा दिवसांत दोन कामे उरकायची असतात. पहिले, गावचे घर पावसाळ्यासाठी तयार करायचे. दुसरे, चाळीच्या खोलीत वर्ष काढलेल्या मुलांना चार दिवस डोंगर, नदी, रानमेवा दाखवायचा. बहुतेक घरांत या दोन कामांचे भांडण लागते. घराने एकदा पैसा आणि दिवस खायला सुरुवात केली की मुलांच्या वाट्याला फक्त विटा उचलणे येते. उलट फिरण्यातच रजा गेली, तर जुलैमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या अंथरुणावर पाणी गळते.

२०२५ च्या मे महिन्यात हाच पेच आमच्या कुटुंबापुढे आला. त्यातून आम्ही कसे निभावलो आणि त्या निमित्ताने कर्जत-खालापूरचा मुलूख कसा पाहिला, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते. पुष्कळांची घरे याच मुलखात आहेत. त्यांना उपयोग होईल.

मुलूख कसा आहे

मुंबईहून लोकलने कर्जत सुमारे शंभर किलोमीटर आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी इथे मागून जादा इंजिने जोडतात. कर्जतच्या पुढे पळसदरी स्टेशन लागते. तिथे लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा बोरघाटातून खंडाळ्याकडे चढतो, दुसरा केळवली, डोळवली, लौजीवरून खोपोलीला उतरतो. आमची वाडी पळसदरी स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन्ही तालुक्यांच्या शिवेजवळ आहे. रात्री अंगणात बसले की घाट चढणाऱ्या गाडीचे दिवे डोंगरातून सरकताना दिसतात.

बोरघाटाचा हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तो खोदताना हजारो मजूर राबले, कितीतरी जण अपघातांनी आणि रोगराईने मेले. त्यानंतरही रूळ सांभाळण्याच्या कामावर या भागातली गोरगरीब माणसे लागली. आमचे आजोबा रेल्वेत गँगमन होते. आमच्या वाडीतली पहिली कौले त्यांच्या पगारातून आली. त्याआधी तिथे कारवीच्या कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर होते. त्यामुळे या कौलांकडे आमच्या घरात नुसते छप्पर म्हणून कुणी पाहत नाही. आजही आजी तिथे एकटी राहते. शहरात चला म्हटले की म्हणते, "माझ्या धन्यानं शाकारलेलं घर आहे, मी ते उघडं टाकायची नाही."

या भागाचा पाऊस ज्याने पाहिला नाही, त्याला शाकारण्याचे महत्त्व कळणार नाही. घाटाच्या पायथ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एकदा झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. एक कौल फुटले तर रीप कुजते, रीप कुजली तर वासा, आणि वाशामागून भिंत. म्हणून जुनी माणसे मृग लागण्याच्या आत, म्हणजे ७-८ जूनच्या आत, शाकारणी पुरी करत.

आढे पोखरलेले निघाले

आम्ही ३ मे रोजी, शनिवारी गावी पोहोचलो. बेत सोपा होता. चार दिवसांत फुटकी कौले बदलायची, ओटी सारवायची, पडवीला पावसाच्या बाजूने झाप बांधायचे आणि उरलेले दिवस फिरायचे. मुलांना नेरळहून माथेरानच्या छोट्या गाडीत बसवायचे होते. ही गाडी १९०७ पासूनची. २००५ च्या अतिवृष्टीत तिचा मार्ग वाहून गेला होता. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मोडला, तेव्हा नेरळहून चढणारी गाडी २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. एवढ्या वेळा दुरुस्त होऊन उभी राहिलेली गाडी मुलांना दाखवावी, म्हणून वर्षभर एका डब्यात आम्ही पैसे टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी कौले उतरवायला घेतली. गावातले सुतारमामा वर चढले. आढ्यावरची कौले काढून त्यांनी तासणीने लाकडावर ठोकून पाहिले आणि खाली हाक मारली, "पोरांनो, इकडं या. आढं आतून पोकळ झालंय. वाळवीनं खाल्लंय सगळं."

बाहेरून लाकूड धड दिसत होते. वरची साल तेवढी शाबूत होती, आत मातीच भरली होती. त्याबरोबर पश्चिमेच्या पाखीचे पाच वासेही गेले होते. सुतारमामा म्हणाले की यंदाचा पाऊस हे छप्पर काढणार नाही. आजीने ऐकले आणि काही न बोलता चुलीपाशी जाऊन बसली.

त्या रात्री घरात बैठक झाली. धाकट्या भावाचे म्हणणे पडले, कौले कायमची काढून टाका आणि सिमेंटचे पत्रे घाला, दोन दिवसांत मोकळे व्हाल. पण पत्र्याखाली कर्जतच्या मे महिन्यात दुपारी बसवत नाही. शिवाय जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत असलेल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते, हे कारखान्यात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ठाऊक आहे. लोखंडी पाइप आणि रंगीत पत्रा चांगला, पण तो खर्च झेपणारा नव्हता. शेवटी ठरले की कौलेच ठेवायची, फक्त लाकूड बदलायचे. पण लाकडाला पैसा हवा होता, आणि घरात मोकळा पैसा होता तो माथेरानच्या डब्यात.

डबा आम्ही मुलांसमोरच उघडला. त्यांना न सांगता पैसे काढणे बरे वाटले नाही. मोठी मुलगी तेरा वर्षांची. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आजी पावसात कुठे जाईल?" धाकट्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आले. त्याला शब्द दिला की यंदा गाडी नाही, पण फिरणे बंद होणार नाही. जे पायी आणि एस.टी.ने, सहा आसनी रिक्षाने होईल, ते सगळे करू.

दिवसाचे दोन भाग

हा शब्द पाळणे जमले ते दिवसाची वाटणी केल्यामुळे. मे महिन्यात या भागात पारा चाळीसच्या घरात जातो. दहानंतर कौलावर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे छपराचे काम आपोआपच सकाळचे असते. आम्ही पहाटे साडेपाचला कामाला लागत होतो आणि दहाला थांबत होतो. दुपार सावलीत. चारनंतर कधी पुन्हा काम, कधी फिरणे. सुतारमामा ज्या दिवशी येणार नसत, तो पूर्ण दिवस फिरण्याचा.

कामातही मुलांना हौस वाटेल असे पुष्कळ होते. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचे असते. वरून खाली हातोहात देण्यासाठी घरापासून चिंचेपर्यंत माणसांची रांग लावली. शेजारची पोरेही रांगेत उभी राहिली. कौलांवरचे शेवाळ काथ्याने घासायचे, धड आणि फुटकी वेगळी करायची, धड कौल बोटाने वाजवून आवाज ऐकायचा. ठणठणीत वाजले तर चांगले, बद्द वाजले तर चिरलेले. दोन दिवसांत धाकटा त्यात तरबेज झाला. एक सक्ती मात्र होती. कौल उचलण्याआधी काठीने हलवायचे. त्या दोन दिवसांत तीन विंचू निघाले.

नवे लाकूड घेणे परवडणारे नव्हते. कर्जतला जुने लाकूड विकणाऱ्या एका वखारीत पाडलेल्या घराचे सागाचे आढे मिळाले. ते पाहायला जातानाच सगळे कुटुंब गेले. लाकूड ठरवून झाल्यावर उल्हास नदीच्या काठी गेलो. ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जतवरून पुढे कल्याणकडे वाहत जाते. कारखान्यांच्या पट्ट्यात तिचे काळे पाणी पाहिलेल्या मुलांना हीच ती नदी, हे पटेना. स्टेशनाबाहेर ठाकर आणि कातकरी बाया पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे घेऊन बसल्या होत्या. त्या मेव्यावर त्या दिवशीची सहल झाली.

८ तारखेला रात्री वळवाची सर आली. छप्पर अर्धे उघडे होते. ताडपत्री दुपारीच घट्ट बांधून ठेवलेली होती, म्हणून धान्याची कणगी वाचली. आजी म्हणाली, "पाऊस बघून गेला, काम कुठवर आलंय ते."

कोंडाणे लेणी

१२ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. त्या दिवशी काम बंद. वाडीतल्या विहारात सकाळी वंदना झाल्यावर आम्ही बारा-तेरा जण कोंडाण्याला निघालो. सुतारमामाही सोबत आले.

कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याने रिक्षा जातात. कोंडाणे गावापासून पुढे पायवाट. उन्हाळ्यात झाडी वाळलेली असते, पण लेण्याजवळच्या टप्प्यात दाट सावली आहे. लहान मुले आणि वयस्क माणसे धरून तासाभरात आम्ही वर पोहोचलो. पाणी भरपूर न्यावे. मे महिन्यात ओढे कोरडे असतात.

राजमाचीच्या पायथ्याशी सोळा लेण्यांचा हा समूह आहे. इसवी सनापूर्वीच्या काळात, दोन हजार वर्षांहून अधिक मागे, तो खोदला गेला. मुख्य चैत्यगृह सुमारे ६६ फूट लांब आणि २८ फूट उंच आहे. पुढचे बरेच खांब पडले आहेत, आतला स्तूप झिजला आहे. दर्शनी भागात एका भग्न मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. राजाचे नाव नाही, सेनापतीचे नाही. हाताने काम करणाऱ्या एका माणसाचे आणि त्याच्या गुरूचे नाव तेवढे राहिले आहे.

आम्ही शिल्पे पाहत होतो, सुतारमामा मात्र वरच पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हे तर आपलंच घर आहे. दगडात वासे काढलेत, तुळया काढल्यात." खरेच होते. त्या काळची मोठी घरे लाकडाची होती. कारागिरांनी लाकडी बांधणी जशीच्या तशी खडकात उतरवली. कोरीव सज्जे, जाळ्या, तुळयांची टोके, सगळे लाकूडकामच. चैत्यगृहाच्या कमानदार छताला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या होत्या. इथल्या गेल्या, पण घाटापलीकडच्या कार्ले लेण्यातल्या अजून जागेवर आहेत. सुतारमामांनी आठवड्यात बसवलेल्या वाशांची ओळख मुलांना ताजी होती. त्यामुळे त्यांनी एकेक भाग बोट दाखवून ओळखला. गावी छपराचे काम केले नसते, तर हे लेणे त्यांना नुसता अंधारा दगड वाटले असते.

शेजारच्या विहारात मधे दालन आणि भोवती भिक्खूंच्या खोल्या आहेत. वर्षावासाचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचे असते, तेव्हा अशा निवाऱ्याची गरज. तिथे सावलीत बसून भाकरी खाताना आमच्या वाडीतल्या एका गुरुजींनी चुल्लवग्गातली हकीकत सांगितली. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पाचशे भिक्खू वर्षावासासाठी जमले. धम्म आणि विनय यांचे संगायन करायचे होते. महाकश्यप त्यांचे प्रमुख. एवढे मोठे काम समोर असताना त्यांनी आधी काय ठरवले? मोडक्यातोडक्या जागांची दुरुस्ती करावी, असे भगवंतांनी सांगितले आहे. म्हणून पहिला महिना दुरुस्ती आणि मधल्या महिन्यात संगायन. आपल्या घराच्या शाकारण्याला एवढी जुनी साक्ष आहे, हे ऐकून आजीच्या कामाला मुलांच्या नजरेत वेगळेच वजन आले.

परत येताना गुरुजींनी विहाराच्या पत्र्याचा विषय काढला. आषाढ पौर्णिमेपासून तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते, आणि गेल्या वर्षी बसायला कोरडी जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीतली दहा-बारा माणसे वर चढली, बोल्ट आवळले, भोकांना डांबर लावले. खर्च प्रत्येक घरामागे थोडाच आला.

चौकचा रस्ता

१५ तारखेला आढे चढले. ते चढवायला वीस हात लागले. त्याची जेवणावळ झाली आणि १६ तारखेला आम्ही खालापूर तालुक्यात चौकजवळ मामाकडे गेलो. कर्जत-चौक रस्त्यावरून इर्शाळगडाचा सुळका आणि त्यातले आरपार भोक, म्हणजे नेढे, लांबून ओळखता येते. मुलांना तिथे चढायचे होते. आम्ही खालूनच दाखवला.

त्या डोंगराच्या अंगावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड कोसळली आणि झोपेत असलेली घरे गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता, मदत पायी चढून न्यावी लागली. त्या घरांची छपरे कुणी शाकारली नव्हती असे नाही. डोंगरच खाली आला.

मामा म्हणाले, "घर बघताना घरामागचा डोंगरही बघावा." आमच्या मते ही गोष्ट प्रत्येक वाडीने ध्यानात घ्यावी. उतारावर नवी भेग दिसली, झाडे किंवा विजेचे खांब कलू लागले, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाला किंवा नव्याच जागी पाणी फुटले, तर ग्रामपंचायतीला आणि तहसील कचेरीला लेखी कळवावे आणि मोठ्या पावसात तिथे झोपू नये. गरिबाला जागा उतारावरच मिळते. म्हणून गरिबालाच जास्त सावध राहावे लागते.

पावसाने वाट पाहिली नाही

१७ तारखेला शेवटचे कौल बसले. १८ ला, रविवारी आम्ही अंबरनाथला परतलो. त्यानंतर आठवडाभरातच पाऊस सुरू झाला, आणि २६ मे २०२५ रोजी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीर झाले. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. मृगाच्या भरवशावर ज्यांनी कौले उतरवून ठेवली होती, त्यांचे हाल झाले. २०२० मध्येही ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात हजारो छपरे उडवली होती. हंगाम असा बदलत असेल तर शाकारणीची जुनी मुदत आता चालणार नाही. शक्यतो एप्रिलमध्ये एखाद्या रविवारी एका माणसाने जाऊन लाकूड ठोकून पाहावे, म्हणजे मे महिन्याच्या रजेत काय वाढून ठेवले आहे ते आधी कळते.

गावी जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

छपराला हात घालताना आधी आढे आणि वाशांची टोके तपासावीत. वाळवी बहुधा भिंतीतून चढते, तेव्हा लाकूड भिंतीत जिथे शिरते तिथे पाहावे. उघडे काम एका वेळी एकाच पाखीचे ठेवावे आणि ताडपत्री पहिल्याच दिवशी आणावी.

फिरण्याचा बेत दूरचा एकच आणि जवळचे तीन-चार असा ठेवावा. दूरचा बेत मोडला तरी जवळचे हातात राहतात. कर्जतच्या परिसरात कोंडाण्याखेरीज आंबिवलीचे बौद्ध लेणे आहे, आणि तिथूनच कोथळीगडाची, म्हणजे पेठच्या किल्ल्याची वाट आहे. त्या किल्ल्याच्या सुळक्यात आतून कोरलेल्या पायऱ्या मुलांना फार आवडतील. त्यासाठी मात्र पूर्ण दिवस हवा, आणि निघायला पहाट हवी.

नदीत उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारावे. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून चालू आहे. घाटावरचे पाणी वीज करून खालच्या नद्यांत सोडले जाते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही पाणी मिळते, पण ते केव्हा वाढेल ते काठावर बसून कळत नाही.

आणि घरखर्चाचा हिशेब मुलांपासून लपवू नये. माथेरानच्या डब्यातले पैसे कुठे गेले हे आमच्या मुलांना ठाऊक आहे. ते आजीच्या डोक्यावर आहेत. डब्यात आता पुन्हा नाणी पडू लागली आहेत. धाकट्याने त्याच्या झाकणावर स्वतःच्या हाताने दोन नावे लिहिली आहेत. आधी 'वाळवीचे औषध' आणि त्याखाली 'माथेरान'.